वाऱ्याच्या म्हातारीचं घोंगडं

झालं का भांडून? झालं. आता पाय पांघरुणात घ्या. श्रीरंग, ती उशी रेवाची आहे, दे तिला. तुझी तुझ्या डोक्याखालीच आहे, बघ जरा. देवा रे. गोष्ट सांगू, की उठून जाऊ मी?

मग ऐका. एक होतं बेट. राजा नव्हता तिथे. का म्हणजे, राजाला बसायला जागा कुठे होती? बेट एवढंसं. सकाळी भाकरी खाऊन निघालेला माणूस सगळा किनारा पायाखाली घालून दुपारच्या जेवणाला घरी. आणि वारा असा, की राजाच्या डोक्यावर मुकुट टिकला नसता.

हे बेट फार लांब. विलायतेच्याही वरच्या अंगाला, भर समुद्रात, एकटं. मला कसं माहीत? माझा थोरला भाऊ, वासुदादा, बोटीवर खलाशी होता. त्याची बोट धुक्यात अडकून अकरा दिवस त्या बेटापाशी उभी होती. तिथल्या एका बाईने त्याला ही गोष्ट सांगितली. त्या लोकांची भाषा गेलिक. दादाला गेलिकचा ग येत नव्हता, आणि तिला मराठी कुठून येणार? तरी हा गोष्ट घेऊन आला. कशी आणली ते मला विचारू नका. मी त्याला विचारून विचारून दमले.

तर त्या बेटावर झाड म्हणून नाही, बरं का. एकसुद्धा नाही. मग चुलीत काय घालायचं? तिथे दलदलीची काळी माती आहे. ती विटांसारखी कापायची, उन्हात वाळवायची, आणि आपल्याकडे शेण्यांचे ढीग रचतात तशी घराबाहेर रचून ठेवायची. तेच सरपण. घरं बुटकी, दगडाची, वर गवताचं छप्पर. ते उडू नये म्हणून दोरखंडाने बांधायचं आणि दोरखंडाच्या टोकांना धोंडे लटकवायचे. घरात एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला गाय. हो, एकाच दाराने जायचं. गायीने आधी. ठमी, हसायचं काय त्यात? तुमच्या घरात तुम्ही सगळे बूट घालून आत येता, त्यापेक्षा ती गाय बरी.

आता तिथल्या पुरुषांची एक रीत होती. रोज सकाळी सगळे एका भिंतीपाशी जमायचे. आज काय काम करायचं, मासे धरायचे की मेंढ्या हाकायच्या की छप्परं बांधायची, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. रीत चांगली. पण प्रत्येकाने बोलायचं. एकालाही मधे तोडायचं नाही. आणि सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय उठायचं नाही. मग काय होणार? बोलता बोलता जेवणाची वेळ व्हायची. मग जेवायला उठायचे, जेवून पुन्हा बसायचे. त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा टॉर्किल. त्याने बोलायला घसा खाकरला, की बायका समजायच्या, आज मासे नाहीत, बटाटेच उकडा.

आणि त्याच गावात होती आयरिक. तिचा नवरा लाखलन, आणि लाखलनची आई बेहाक. नावं विचित्र असू देत. त्यांना तुमची विचित्र वाटतील. बेहाक म्हणजे आयरिकची सासू, गावातली पहिली गाणारी. आयरिकचा आवाज मात्र फुटक्या हंड्यासारखा. तिला कुणी गायला सांगायचं नाही. बोलायला सांगावं लागायचं नाही.

बेटासमोर समुद्रात एक उंच काळा खडक होता. हाक मारली तर पोचणार नाही, पण डोळ्याला दिसेल एवढा लांब. उन्हाळ्यात त्या खडकावर पक्षी बसायचे. किती? बर्फ पडल्यासारखा खडक पांढरा दिसायचा. दरवर्षी होडीने दोन-तीन माणसांना तिथे सोडून यायचं. ती अनवाणी पायांनी, कमरेला दोर बांधून कडा चढायची. अंडी गोळा करायची, पिसं गोळा करायची, थोडे पक्षी मारायची. आठ दिवसांनी होडीने त्यांना आणायचं. त्यावरच हिवाळ्याची बेगमी.

त्या वर्षी तिघं गेले. लाखलन आणि आणखी दोघं. आयरिक म्हणाली होती, या वर्षी तू जाऊ नकोस, घराची मागची भिंत पडायला आली आहे. लाखलन म्हणाला, आल्यावर बघू. पुरुषांचं हे आल्यावर बघू मी सत्तर वर्षं ऐकते आहे. असो.

आठ दिवस झाले. होडी निघायची तर समुद्र उसळला. थांबले. दुसऱ्या दिवशी परत उसळला. तिसऱ्या दिवशीही. होडी पाण्यात घातली की लाट घराएवढी, होडी वर ओढली की पाणी गप्प. तीन आठवडे हेच. पुरुष भिंतीपाशी बसले आणि बोलले. टॉर्किल म्हणाला, समुद्र शांत झाला की जावं. सगळ्यांना पटलं. हे ठरायला चार दिवस लागले.

आयरिक रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन बघायची. खडकाच्या माथ्यावर तिघं ओळीने उभे राहायचे. ती मोजायची. एक, दोन, तीन. मग कामाला लागायची. तिचा जीव टांगणीला लागला होता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पक्षी आहेत तोवर त्या तिघांच्या पोटाला आहे. थंडीच्या तोंडावर पक्षी उठतात आणि निघून जातात. मग खडकावर उरतो नुसता दगड. दगड खाऊन माणूस जगत नाही.

मग एके दिवशी काय झालं, आयरिक किनाऱ्यावर शेवाळ गोळा करत होती. समुद्राचं शेवाळ, बटाट्याच्या शेताला खत म्हणून घालायला. तर समोरच्या कातळावर एक म्हातारी बसलेली. केस फेसासारखे पांढरे, अंगावर शालीच्या चिंध्या, आणि दात वाजताहेत कडाकडा. एकेकदा दात वाजले की एकेक लाट उठायची.

ही होती वाऱ्याची म्हातारी. तिचं नाव काय, तर दादा म्हणे विसरलो. दादाला अकरा दिवसांत तिथे काय जेवलो ते सगळं पाठ, आणि म्हातारीचं नाव विसरला.

तर म्हातारी कुरकुरत म्हणाली, की माझाच वारा माझ्या अंगातून आरपार जातो. मी कुडकुडते, म्हणून समुद्र हलतो. मी काय मुद्दाम करते आहे? मला असं घोंगडं दे, की ज्यातून माझा वारा जाणार नाही. मग मी स्वस्थ बसेन, आणि तुझी माणसं तू घेऊन जा.

दुसरी कुणी असती तर घाबरली असती. आयरिक वैतागली. ती म्हणाली, "तीन आठवडे कुडकुडत बसलीस. पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

म्हातारीने नुसते दात वाजवले. आणि म्हणाली, पक्षी उठायच्या आत दे. मग लाटेमागे दिसेनाशी झाली.

आयरिक धावत घरी. घरोघरची लोकर गोळा केली. कुणी नाही म्हटलं नाही, तेवढं खरं. सगळ्या बायकांनी कातली. आपण मसाल्यात दगडफूल घालतो ना, तसलंच तिथल्या दगडांवर येतं. ते खरवडून, उकळून, लोकरीला तपकिरी रंग दिला. मग मागावर कापड विणलं. पण मागावरून उतरलेलं कापड विरविरीत असतं, चाळणीसारखं. त्यातून म्हातारीचाच काय, माझा श्वाससुद्धा जाईल. ते घट्ट करायचं तर भिजवायचं आणि लांबलचक फळीभोवती बायकांनी बसून आपटायचं. खूप आपटायचं. कशात भिजवायचं सांगू? घरोघरी मुलामाणसांनी मोठ्या पिंपात शू करून साठवलेली असते, त्यात.

झालं. मला ठाऊक होतं. हसून घ्या. अगं, त्याने लोकरीचं तेल सुटतं, शास्त्र आहे त्यात. श्रीरंग, पुरे. उठून बसू नकोस. मी थांबले आहे. झालं? पुढे जाऊ?

आता नीट ऐका, कारण पुढे सगळा घोळ याचाच आहे. कापड आपटायचं ते गाण्यावर. आपल्याकडे दळताना ओव्या म्हणायच्या, तसं. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी 'हो रो, हाय रो' म्हणून हात मारायचा, आणि कापड शेजारणीकडे सरकवायचं. एक गाणं संपलं की दुसरं. तेरा गाणी झाली की कापड घट्ट. पण एक नियम होता, मोडायचा नाही असा. एका कापडावर एक गाणं एकदाच. तेच गाणं त्याच कापडावर दुसऱ्यांदा म्हटलं, की झालेलं सगळं वाया. कापड पुन्हा चाळणी.

का, म्हणजे? रेवा, संध्याकाळी नखं का कापत नाहीत? नाही ना माहीत? तसंच त्यांनाही माहीत नव्हतं. पण पाळायचे.

गावात सगळी मिळून गाणी होती सव्वीस. नवीन गाणं कुणी करायचं नाही. गाणी आज्या-पणज्यांनी करून ठेवलेली, आपण म्हणायची. बेहाकला सव्वीसच्या सव्वीस पाठ. सगळ्यांना वाटलं, सव्वीस गाणी म्हणजे चैन आहे.

मग बायका बसल्या फळीभोवती, सहा या बाजूला, सहा त्या बाजूला. बेहाक म्हणायला लागली. धप धप, धप धप. एक गाणं झालं, पाच झाली, दहा झाली, बारा झाली. कापड भरत आलं. आता तेरावं. आणि बेहाकने डोळे मिटून सुरुवात केली ती चौथ्या गाण्याला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आयरिक म्हणते, सासूबाई, हे झालंय. पण बेहाकच्या कानात शिरलं तर ना. ते गाणं म्हणत ती लाखलनला लहानपणी मांडीवर घेऊन डोलायची. बाईचं मन खडकावर गेलेलं, तोंड फळीपाशी. गाणं संपलं आणि कापड हातातच सैल पडलं.

आता काय बोलणार? आयरिकला एवढा राग आला, एवढा राग आला, की ती बाहेर जाऊन दगडाला लाथ मारून आली. पाय दुखावला. आत येऊन बघते तर सासू तोंडाला पदर लावल्यासारखी शाल लावून बसलेली. मग तिला काही बोलवेना. तो राग तसाच पोटात राहिला.

म्हणजे सव्वीसातली बारा गाणी गेली. कापड तेच होतं ना, त्यामुळे ती पुन्हा चालणार नव्हती. उरली चौदा. हवीत तेरा. मग या खेपेला आयरिकने गोटे आणले. एक गाणं झालं की एक गोटा बाजूला ठेवायचा. बेहाकशेजारी एक शहाणी बाई बसवली, चुकली की कोपर मारायला. लागल्या पुन्हा. धप धप. दहा गाणी झाली. सगळं सुरळीत. अकरावं अर्ध्यावर आलं आणि दारावर थाप पडली.

दारात टॉर्किल. मागे सगळे पुरुष. तिथे कापड आपटायच्या घरात पुरुषांनी यायचं नसतं, तरी आले. टॉर्किलने घसा खाकरला. आणि मोठ्या गंभीरपणे सांगितलं, की चार दिवस विचार करून बैठकीत एकमताने ठरलं आहे, बायकांनी घोंगडं करायला हरकत नाही.

हरकत नाही! अरे, करून होत आलं होतं की.

आणि गाणं तुटलं. तुटलेलं गाणं धरत नाहीत, आणि पुन्हा सुरू केलं तर तेच गाणं दुसऱ्यांदा होतं. म्हणजे तेही गेलं. आयरिकने दात ओठ खाल्ले. पण हिशोब अजून जमत होता. झालेली दहा, आणि राहिलेली तीन. बरोबर तेरा. तिने दाराला कडी लावली, बारावं गाणं सुरू झालं. ते अर्ध्यावर आलं, आणि पुन्हा थाप. धड धड धड. कोण? टॉर्किल. कशाला? मघाशी गाणं तुटलं, त्याबद्दल माफी मागायला.

काय करावं अशा माणसाला, तुम्हीच सांगा. तेही गाणं गेलं.

उरलेली दोन गाणी म्हटली. बारा झाली, एक कमी. कापड जवळजवळ घट्ट होतं. बायका म्हणाल्या, एका गाण्याने काय होतंय, तिला काय कळणार. आयरिकला पटत नव्हतं, पण दुसरं होतं काय हातात? ती घोंगडं घेऊन किनाऱ्यावर गेली. म्हातारी आली. घोंगडं उलगडून समोर धरलं आणि फूं करून फुंकर मारली. फुंकर पलीकडे निघाली आणि तिचीच शाल हलली. म्हातारीला सगळं कळत होतं. आयुष्यभर थंडी वाजलेल्या बाईला कापड कळणार नाही? तिने घोंगडं आयरिकच्या अंगावर फेकलं. फेकताक्षणी ते पुन्हा विरविरीत. आणि जाता जाता म्हणाली, "पक्षी परवा उठणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयरिकने खडकाकडे बघितलं. एक, दोन. तिसरा दिसेना. ती तशीच उभी राहिली. कितीतरी वेळाने तिसरा उठून उभा राहिला, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. एवढ्या लांबून तोंड कुठलं दिसतंय? पण उंचीवरून तिला कळलं, तो लाखलन होता.

ती घरी आली. बायका फळीभोवती आपोआप जमल्या होत्या, सवयीने. पण गप्प. कुणाकडे गाणंच नव्हतं. बेहाकने नवीन काहीतरी जुळवून बघितलं. पहिल्याच ओळीत लाखलनचं नाव आलं आणि ती तिथेच थांबली. शेजारणीने बघितलं, तिला 'समुद्र' याच्यापुढे सुचेना. एकजण म्हणाली, पुरुषांना विचारू या का? तिच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की ती गप्प झाली.

बाहेर भिंतीपाशी बैठक सुरू होती. टॉर्किलचा आवाज येत होता. तो म्हणत होता, घाई करून चालणार नाही.

तेवढं पुरलं. आयरिकने घोंगडं पिंपात बुचकळलं, ओलं गच्च फळीवर आणून आदळलं, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुटला.

म्हणाली, घाई करू नकोस टॉर्किल, बस तू, भिंतीला टेकून बस. धप. तुझ्या ढुंगणाला शेवाळ आलं तरी बस. धप. होडीला भोक पडेल, तोवर बस. धप. ती गात नव्हती, बरं का. ती आपली बोलत होती, रागाने, आणि एकेका बोलण्याला घोंगडं आपटत होती. पण इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप तालावर पडत होते आणि बोलणं हाताबरोबर पडत होतं. कोपऱ्यातल्या एका बाईच्या तोंडून निघून गेलं, 'हो रो, हाय रो'. मग दुसरीने म्हटलं. मग बाराही जणींचे हात फळीवर आले.

टॉर्किलला एक कडवं. मग सासूकडे वळली. डोळे उघडे ठेवून गायला काय होतं तुम्हाला, एवढ्या शहाण्या बाई तुम्ही. हो रो, हाय रो. मग वाऱ्याच्या म्हातारीला घेतलं. एवढी म्हातारी झालीस, एक घोंगडं विणायला शिकली नाहीस? हो रो, हाय रो. आणि मग तिने लाखलनला घेतलं.

कुणी सांगितलं होतं जायला? हो रो, हाय रो.
मागची भिंत कोण बांधणार, तुझा काका? हो रो, हाय रो.
तुझ्या वाटणीचे बटाटे मी रोज उकडते. हो रो, हाय रो.
रोज निवतात, रोज गायीला घालते. हो रो, हाय रो.
गाय लठ्ठ झाली, मी वाळले. हो रो, हाय रो.
तुझे कपडे धुऊन ठेवलेत, घालणार कोण? हो रो, हाय रो.
घोरायचास तेव्हा झोप येत नव्हती. हो रो, हाय रो.
आता घोरत नाहीस, तरी येत नाही. हो रो, हाय रो.

बायका रडत होत्या आणि आपटत होत्या. आयरिक थांबेना. लग्नापासूनचं सगळं काढलं. कुठल्या वर्षी दोर कुठे विसरला, कुठल्या दिवशी मेंढी सोडून आला, ती आजारी असताना रात्रभर उशाशी बसला आणि सकाळी दुधाचं भांडं पायाने लवंडलं, सगळं. एक ओळ पुन्हा म्हणावी लागली नाही. नवऱ्याबद्दल बोलायचं होतं, मग काय कमी? सकाळी सुरू झालेलं दुपार कलली तरी चाललेलं. बाहेर टॉर्किलने आपलं नाव ऐकलं होतं. दारावर थाप मारायला त्याचा हात उठला. मग त्याने तो खाली घेतला. बैठकही हळूच गप्प झाली.

शेवटी आयरिकचा आवाज बसला. तोंड हलतंय, शब्द फुटत नाही. तेव्हा सगळ्यांनी घोंगड्याकडे बघितलं. बेहाकने चार कोपरे धरायला लावले आणि मधे बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब खाली पडला नाही.

आयरिकने घोंगडं पिळलं आणि तसंच किनाऱ्यावर नेलं. म्हातारी वाटच बघत होती. तिने समोर धरून फुंकर मारली. पलीकडे काही हललं नाही. आणखी जोरात मारली. काही नाही. मग तिने ते अंगाभोवती गुंडाळलं, कान झाकले, पाय आत घेतले. दात वाजायचे थांबले. तिचे डोळे मिटायला लागले. जन्मात पहिल्यांदा तिला ऊब मिळाली होती. ती तिथेच कातळावर कलंडली आणि झोपली. आणि समुद्र असा सपाट झाला, जशी ताटात ओतलेली पेज.

होडी काढायला मात्र बैठक बसली नाही. टॉर्किल पहिला उठला आणि काही न बोलता होडी ढकलायला लागला. हे दादाने मला तीनदा सांगितलं, कारण ज्या बाईने त्याला गोष्ट सांगितली, तिला यातलं हेच सगळ्यात नवलाचं वाटायचं.

होडी खडकापाशी पोचली आणि तिघांना उतरवून घेतलं. परत निघाली तर डोक्यावरून पक्षी उठले. हजारो. एक दिवस आधीच निघाले. होडीवर सावली धरून गेले आणि खडक काळा पडला.

लाखलन तापाने नुसता हाडांचा सापळा झाला होता. किनाऱ्यावर उतरला. आयरिक समोर उभी. तो वाट बघतोय, आता ही बोलेल, आता बोलेल. ती गप्प. तिने फक्त त्याच्या हाताला धरलं, घरी नेलं, बटाट्यांची थाळी पुढे ठेवली. तो घाबरलाच. खडकावर एवढे दिवस काढले तेव्हा घाबरला नव्हता. तो आईला म्हणाला, आई, ही बोलत का नाही? हिला काय झालंय?

बेहाक म्हणाली, तिचं बोलून झालंय. आणि तिने ते गाणं त्याला म्हणून दाखवलं. सबंध. ऐकता ऐकता बटाटे निवले.

गाणं संपलं. लाखलनने थाळी बाजूला सरकवली. मग त्याने विचारलं, "टॉर्किलवर किती कडवी आहेत?"

"एक," बेहाक म्हणाली.

"तुझ्यावर?"

"एकच. वाऱ्याच्या म्हातारीवर दोन."

"आणि माझ्यावर?"

"बेचाळीस."

लाखलन आधी हसला. मग तो बायकोचा हात धरून ओक्साबोक्शी रडला. तिचा आवाज आठ दिवसांनी आला. आल्यावर पहिलं काय बोलली, ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या दिवशी मागची भिंत बांधायला घेतली.

तेव्हापासून त्या बेटावर सत्तावीस गाणी आहेत. सत्ताविसावं सगळ्यात लांब. नव्या नवरीचं घोंगडं करतात ना, तेव्हा तेच एक म्हणतात, दुसरं लागत नाही. म्हातारी अजून झोपलेली असते. कधी कुशीवर वळते, पांघरूण सरकतं, तेवढ्यापुरता वारा सुटतो. मग पुन्हा ओढून घेते.

सगळे सुखात आहेत तिथे, बटाटे आहेत, मासे आहेत, गाय आहे. आता तुमचं झोपा. ठमी झोपली सुद्धा, बघा. रेवा, डोळे मीट. नाही, आणखी एक नाही. श्रीरंग, पाय आत घे म्हटलं ना. घे. घसा बसला माझा.